पिवळं सिको ६१३९ 'पोग': माझ्याकडचं कसं निघालं आणि घेण्याआधी काय काय बघायचं

पिवळ्या डायलचं जुनं सिको ६१३९, ज्याला जगभरचे घड्याळवेडे पोग म्हणतात, ते माझ्याकडे येऊन बरेच महिने झाले, उघडून तपासून झालं, सर्व्हिसिंग झालं, हातात घालून भरपूर वापरून झालं, त्यामुळे आता रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. आधीच सांगून टाकते, घड्याळ जबरदस्त आहे. पण पोग म्हणून जे विकायला असतं त्यातलं बरंचसं जोडकाम असतं, बॉडी एकाची, मशीन दुसऱ्याचं आणि डायल तर चक्क नवा छापलेला, त्यामुळे हा रिव्ह्यू घड्याळ कसं आहे यापेक्षा ते खरं आहे की नाही हे कसं ओळखायचं याच्याबद्दलच जास्त झालाय.

ज्यांना पोग म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विल्यम पोग हा नासाचा अंतराळवीर, स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर गेलेल्या स्कायलॅब ४ मोहिमेचा पायलट. १६ नोव्हेंबर १९७३ ला तो, जेराल्ड कार आणि एडवर्ड गिब्सन असे तिघं वर गेले आणि ८ फेब्रुवारी १९७४ ला परत आले, म्हणजे ८४ दिवस, त्या काळातला रेकॉर्ड. नासाचं अधिकृत घड्याळ तेव्हा ओमेगा स्पीडमास्टर, १९६५ मध्ये उष्णता, थंडी, धक्के, निर्वात अशा सगळ्या टेस्ट पास झालेलं, रोज हाताने चावी द्यायचं. पण पोगने त्याच्या आधी, जून १९७२ मध्ये, एलिंग्टन एअर फोर्स बेसवरच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने ७१ डॉलरला हे सिको घेतलं होतं. ट्रेनिंगमध्ये यानाचं इंजिन किती सेकंद चालू ठेवायचं ते मोजायला तो हेच वापरायचा, हाताला त्याचीच सवय झालेली, मग जाताना सूटच्या खिशात टाकून ते घेऊन गेला. कुणाची परवानगी नाही, काही नाही. वर गेल्यावर एका हातात ओमेगा आणि दुसऱ्या हातात हे.

आणि हे कितीतरी वर्षं कुणाला माहीतच नव्हतं! अंतराळात गेलेलं पहिलं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं आणि स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, म्हणून जर्मनीच्या झिन कंपनीच्या १४० मॉडेलचं नाव घेतलं जायचं, ते राइनहार्ड फुरर १९८५ च्या स्पेसलॅब डी१ मोहिमेत घालून गेला होता. मग स्कायलॅबचे जुने फोटो बघताना सिकोप्रेमींना पोगच्या मनगटावर ती पिवळी चकती दिसली, खुद्द पोगलाच विचारलं गेलं आणि त्याने हो म्हणून सांगितलं. झिनच्या आधी बारा वर्षं! मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात आवडतं, की शोध लागला तो फोटो नीट बघणाऱ्या साध्या हौशी माणसांमुळे आणि शिक्कामोर्तब झालं ते ज्याच्या हातात घड्याळ होतं त्याच्याच तोंडून. मूळ घड्याळ २००८ मध्ये लिलावात ५,९७५ डॉलरला गेलं. तुलनेसाठी, अपोलो १५ वर डेव्ह स्कॉटच्या ओमेगाची काच निघाली म्हणून त्याने चंद्रावर तिसऱ्या फेरीत स्वतःचं बुलोव्हा घातलं, ते २०१५ मध्ये १६ लाख २५ हजार डॉलरला विकलं गेलं. तेही परवानगीच्या यादीत नसलेलंच घड्याळ.

लोक हमखास विचारतात की वजनच नाही तर ऑटोमॅटिक घड्याळाला चावी कशी बसणार. बसते. आतला अर्धगोल रोटर गुरुत्वाकर्षणामुळे खाली झुकतो आणि फिरतो हे जमिनीवर खरं आहे, पण हात झटकन हलवला की घड्याळाची बॉडी हलते आणि जड रोटर जडत्वामुळे मागे राहतो, दोघांत फरक पडला की स्प्रिंग आवळली जाते. त्यासाठी वजन लागत नाही, वस्तुमान लागतं, आणि ते वर गेल्यावर कमी होत नाही. माणूस दिवसभर दांडे पकडून ढकलत, बटणं दाबत, काम करत असेल तर तेवढी हालचाल पुरते. गंमत म्हणजे ६१३९ ला क्राऊन, म्हणजे बाजूची गुंडी, फिरवून चावी देताच येत नाही, ती सोयच नाहीये, म्हणजे वर ते चाललं ते निव्वळ पोगच्या हाताच्या हालचालीवर.

आता मशीनबद्दल, कारण खरं प्रेम मला तिथे आहे. १९६९ हे ऑटोमॅटिक क्रोनोग्राफच्या शर्यतीचं वर्ष, झेनिथने जानेवारीत एल प्रिमेरो जाहीर केलं, ह्युअर-ब्राइटलिंग-हॅमिल्टन मंडळींनी मार्चमध्ये कॅलिबर ११ आणलं आणि सिकोने फार गाजावाजा न करता मेमध्ये जपानात ६१३९ दुकानात ठेवलं. आत कॉलम व्हील आहे, म्हणजे स्टॉपवॉच चालू-बंद करणारं खांबांचं चाक, आणि व्हर्टिकल क्लच आहे, म्हणजे स्टॉपवॉचला मशीनशी जोडणारा-सोडणारा उभा भाग. क्लच उभा असल्यामुळे क्रोनोग्राफ सुरू करताना सेकंद काटा उडी मारत नाही, जिथे आहे तिथून गुळगुळीत निघतो, आणि तो कायम चालू ठेवला तरी मशीनवर फारसा ताण येत नाही. हे महत्त्वाचं आहे कारण या घड्याळात वेगळा सेकंद काटाच नाहीये! सहाच्या जागी एक छोटी चकती, ती ३० मिनिटांची, बस. म्हणून पुष्कळ जण मधला मोठा काटा सतत पळता ठेवतात, मीही ठेवते.

आता खरंखोटं.

पहिली गोष्ट, डोक्यात पक्की बसवा. अंतराळात गेलेलं घड्याळ एकच, ते विकलं गेलंय, बाकी सगळी त्याची भावंडं. कुणी "नासाचं", "स्पेस फ्लोन" असं लिहून पोग विकत असेल तर त्या शब्दांचा एक पैसाही जास्त देऊ नका. खरोखर वर जाऊन आलेल्या घड्याळाच्या मागे साखळी असते, तेव्हाचा फोटो, ज्याने घातलं त्याचं सहीचं पत्र, तिथून पुढे कुणाकडून कुणाकडे गेलं त्याच्या नोंदी, आणि त्या साखळीत एक कडी जरी कमी असेल तर नुसत्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही. मला घ्यायचं होतं ते भावंडच, पण सख्खं, म्हणजे पोगने घेतलं त्याच सुमाराचं, त्याच मॉडेलचं, आणि कुणी हात न लावलेलं.

माझं ज्यांच्याकडून आलं त्यांना ते पोग आहे हे माहीतच नव्हतं, घरातल्या मोठ्या माणसाचं जुनं घड्याळ, क्रोनोग्राफ अडकतो, काच ओरखडलेली, एवढंच सांगितलेलं. माझ्या मते चांगलं लक्षण हेच. ज्याला नाव माहीत नाही त्याने नावासाठी नवे पार्ट बसवलेले नसतात. त्याच्या आधी मी एका विक्रेत्याकडचं बघितलं होतं, फोटोत चकाचक, वर्णनात अंतराळाचा अख्खा इतिहास, मागच्या झाकणाचा फोटो मागितला तर चार दिवस टाळाटाळ आणि शेवटी आला तो तिरका आणि धूसर, नंबरवर बरोबर चमक पडलेली. मी नमस्कार केला आणि निघाले.

झाकणाचा फोटो का, तर सगळी तारीख तिथे आहे. सत्तरच्या दशकातल्या सिकोच्या मागे सहा आकडी सिरियल नंबर असतो, पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा, ऑक्टोबर नोव्हेंबर डिसेंबरला आकड्याऐवजी ओ, एन आणि डी ही अक्षरं. माझं हातात आल्यावर पहिलं काम तेच केलं. झाकणावर इतक्या वर्षांचा घाम आणि मळ घट्ट बसला होता, लाकडी टूथपिक आणि साबणाच्या पाण्याचे दोनच थेंब, भिंगाखाली हळूहळू, आधी ६१३९ दिसलं, मग ६००५, आणि मग सिरियलचा पहिला आकडा २. माझा श्वास अडकला होता कारण दुसरा आकडा काय येतोय यावर सगळं होतं. तोही २ निघाला. फेब्रुवारी १९७२! पोगने जूनमध्ये दुकानातून घेतलं, म्हणजे हे बनलं ते त्याच्या चार महिने आधी. मी ते दोन आकडे किती वेळा बघितले असतील देव जाणे.

हा हिशोब तुम्हीही करा. सिरियल ६ ने सुरू होत असेल तर घड्याळ १९७६ चं, तेव्हा स्कायलॅब ४ ची मंडळी परत येऊन दोन वर्षं झाली होती, घड्याळ म्हणून ते छानच असेल पण "पोगने घातलं तसंच अगदी" असं म्हणून त्याची किंमत वाढवायची नाही. आणि ९ आला तर १९६९ की १९७९ हे नुसत्या नंबरवरून सांगता येत नाही, बाकीच्या खुणा बघाव्या लागतात. मॉडेल नंबरातही भाग आहेत, ६००५ हे उत्तर अमेरिकेसाठीचं, बाकी जगात ६००२, आणि अगदी सुरुवातीचं ६०००. जपानमधली स्पीडटायमर नावाची भावंडं वेगळी, त्यात २१ ज्युएल (मशीनमधलं घर्षण कमी करणारे बारीक खडे), बाहेर पाठवलेल्यांत १७.

मग झाकण आणि डायल एकमेकांशी जुळतात का ते बघायचं. सुरुवातीच्या घड्याळांवर पाण्याबद्दल प्रूफ असा शब्द असायचा, १९७० च्या आसपास तो बदलून रेझिस्ट झाला. डायलवर वॉटर ७० एम च्या पुढे प्रूफ आणि झाकणावर रेझिस्टंट, असं असलं तर निदान एक प्रश्न विचारायलाच हवा. मधल्या बदलाच्या काळात थोडीफार सरमिसळ फॅक्टरीतूनच झालेली असते म्हणून लगेच खोटं ठरवू नका, पण १९७३-७४ च्या झाकणावर प्रूफ लिहिलेला डायल आला तर तो नंतर कुणीतरी बसवलाय हे नक्की समजा. माझ्यात दोन्हीकडे रेझिस्ट, फेब्रुवारी ७२ ला तेच यायला हवं.

डायल हा सगळ्यात जास्त फसवणारा भाग. खरा डायल पिवळा म्हणतात खरा पण तो सोनेरी आहे, मधून किरणं फुटल्यासारखा ब्रश केलेला, उजेडात मनगट फिरवलं की चमक गोल फिरते, एका कोनात मधासारखा दिसतो आणि दुसऱ्या कोनात जवळजवळ हिरवट सोनं. नवे छापलेले असतात ते सपाट पिवळे, कसेही फिरवा तेवढेच पिवळे. एकदा खरा हातात घेतला की परत चूक होत नाही, पण फोटोवरून घेणार असाल तर विक्रेत्याकडे व्हिडिओ मागा, खिडकीशी धरून सावकाश फिरवलेला, स्थिर फोटोत ते कळत नाही. सिको हे नाव छापलेलं नसतं, धातूची अक्षरं वर बसवलेली असतात. सहाच्या खाली अगदी काठाला बारीक अक्षरात जपान आणि ६१३९ ने सुरू होणारा डायलचा नंबर असतो, नकलीत ती अक्षरं जाड येतात किंवा फुटतात. आणि काट्यांवरचा रेडियम, म्हणजे आपण ज्याला रेडियम म्हणतो ते अंधारात चमकणारं, पन्नास वर्षांनी ते दमलेलं असायला हवं. काटे जर हिरवेगार पेटत असतील आणि डायलवरचे ठिपके मेलेले असतील तर काटे बदललेत किंवा परत भरलेत.

आतली पिवळी रिंग विसरू नका. क्राऊन न ओढता फिरवला की डायलभोवतीची ही रिंग फिरते, हे या मॉडेलचं वैशिष्ट्य, आणि बऱ्याच घड्याळांत ती अडकलेली तरी असते किंवा क्राऊन नुसताच फिरतो आणि रिंग ढिम्म. नवी रिंग बाजारात मिळते आणि ती लिंबासारखी पिवळी असते, जुन्या डायलच्या शेजारी लगेच वेगळी दिसते. माझी रिंग फिकी पडलीये, एका बाजूला जास्त, आणि ती मी बदलणार नाहीये. वरच्या टॅकीमीटर, म्हणजे वेग मोजायच्या, रिंगचा निळा रंगही उतरलाय, लाल भाग थोडा बरा आहे. बॉडीच्या कडा बघा, मूळ फिनिशला कडा धारदार असतात, कुणी पॉलिश मारून मारून गोल केल्या असतील तर ते परत येत नाही. चकाचक बॉडी बघून खूश होऊ नका एवढंच सांगते.

मग झाकण उघडायचं. हे घरी करू नका, योग्य हत्यार नसेल तर झाकणावर असे चरे पडतात की आयुष्यभर दिसतात. मशीनवर ६१३९ए किंवा ६१३९बी असं कोरलेलं असतं, ज्युएल किती ते लिहिलेलं असतं, आणि स्क्रूंच्या खाचा बघूनच कळतं किती जणांनी आत हात घातलाय. माझ्यात बी निघालं, १७ ज्युएल, स्क्रू जवळजवळ कोरे. वाराची चकतीही बघून ठेवा, अमेरिकेत गेलेल्यांत बऱ्याचदा इंग्रजी आणि स्पॅनिश असे वार असतात, जपानी अक्षरातले वार आणि अमेरिकेचा मॉडेल नंबर एकत्र आले तर चकती बदललेली आहे, अर्थात हा पार्ट सहज बदलता येतो त्यामुळे एवढ्यावरून घड्याळ नाकारू नका.

एवढं सगळं कशासाठी, असं वाटेल. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक १९५७ चं स्पीडमास्टर ३० लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, आणि २०२३ मध्ये खुद्द ओमेगानेच सांगितलं की ते वेगवेगळ्या पार्टचं जोडलेलं होतं आणि त्यात कंपनीतलेच काही माजी कर्मचारी सामील होते. तिथे कागदपत्रं होती, तज्ज्ञ होते, तरी हे झालं. सिको ६१३९ ला तर कंपनीचा दाखला वगैरे काही मिळतच नाही, त्यामुळे दाखला म्हणजे घड्याळ स्वतःच. झाकण, डायल, मशीन, रंगाचं उतरणं, ओरखडे, प्रत्येकाने एकच साल सांगितलं पाहिजे. माझ्या घड्याळात डायलचा रंग जिथे उतरलाय त्याच बाजूला आतली रिंगही जास्त फिकी आहे, म्हणजे दोघं एकाच खिडकीच्या उन्हात एकत्र बसलेत. हे कुणालाही मुद्दाम बनवता येत नाही, आणि मला सिरियल नंबरपेक्षाही जास्त भरवसा याच खुणेने दिला.

सर्व्हिसिंगबद्दल. क्रोनोग्राफ अडकत होता तो वाळलेल्या तेलामुळे. या मशीनचा एक नाजूक भाग म्हणजे मधलं क्लचचं चाक, ते कारखान्यात रिव्हेट करून बंद केलेलं आहे, उघडून साफ करण्यासाठी बनवलेलंच नाही, आत घाण किंवा तेल गेलं की काटा घसरतो नाहीतर चालू केल्यावर घड्याळच बंद पडतं. बऱ्याच ठिकाणी मग दुसऱ्या मशीनमधलं चाक काढून बसवतात. माझं ज्यांनी केलं ते वयस्कर कारागीर आहेत, त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं, "ताई, चाक धुवून बघतो, चाललं तर ठीक, नाही चाललं तर तुम्हाला विचारल्याशिवाय बदलणार नाही, आणि बदललंच तर जुनं तुमच्या हातात देईन." कुणाकडेही द्याल तेव्हा हे बोलणं आधी करून घ्या, काढलेला प्रत्येक पार्ट पुडीत बांधून परत मागायचा. आणि पॉलिश करू नका असं लिहून द्या, तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. माझं चाक धुवून चाललं, काच मात्र बदलली कारण दोनच्या बाजूला टवका होता, जुनी काच ठेवलीये.

वापरायला कसं आहे? आकाराने ४१ मिलीमीटरच्या आसपास म्हणजे त्या काळाच्या मानाने मोठं, पण लग्ज, म्हणजे पट्टा अडकवायचे कान, आखूड असल्यामुळे माझ्या बारीक मनगटावरही बसतं. बटणं मस्त, दोनचं दाबलं की एक ठाम टक, चारचं दाबलं की काटा थेट बारावर, तिथे थोडाही इकडेतिकडे थांबला तर काहीतरी गडबड आहे असं समजा. तारीख बदलायला क्राऊन आत दाबायचा, अर्धा दाबला की तारीख, पूर्ण दाबला की वार, ही सोय मला फार आवडते पण जुन्या घड्याळात जोर लावायचा नाही, ते दात झिजलेले असतात. पाण्याचं म्हणाल तर ७० मीटर हे डायलवरच राहू दे, हात धुतानासुद्धा मी काढून ठेवते. दिवसाला दहाएक सेकंद पुढे पळतं, या वयाला मी त्यावर समाधानी आहे. सेकंद काटा पाहिजे त्या क्षणी थांबवून वेळ लावता येत नाही, हॅकिंग नाही, त्याची सवय करावी लागते.

कमी काय आहे तर मूळ ब्रेसलेट. माझ्याकडे आलं तेव्हा साधा चामड्याचा पट्टा होता, आणि याच्या लग्जमधलं अंतर १९ मिलीमीटर, हा असा आकार की २० चा पट्टा दुमडतो आणि १८ चा हलतो. सध्या १९ चा काळा रबरी लावलाय, बरा दिसतो. मूळ स्टीलचा ब्रेसलेट शोधतेय, त्याचं बक्कल नंतरच्या वर्षांचं असलं तरी चालेल पण टोकाचे तुकडे ६१३९-६००x ला बसणारेच हवेत, कुणाकडे सुटा पडून असेल तर खाली सांगा, दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो टाका म्हणजे झालं.